थोरलीची पोटदुखी

दुसऱ्याचं चांगलं झालं की ज्याच्या पोटात दुखतं, त्याला औषध नाही, असं लोक म्हणतात. लोकांचं काय जातं म्हणायला! त्या एका बोलण्यापायी गादीवाल्या दोघी बहिणींतली थोरली मरता मरता वाचली.

धाकटी वेगळं दुकान थाटणार होती. इतकी वर्षं दोघींनी एकाच शेडमध्ये कापूस पिंजला, समोरासमोर बसून गाद्या टाचल्या, आणि आता पलीकडच्या रस्त्यावर धाकटीची स्वतःची पाटी लागणार. समोरचा चहावाला रोज विचारायचा, “काय ताई, पोटात दुखतंय की नाही?” थोरली हसून सोडून द्यायची. खरं सांगायचं तर दुखत होतं. हाताखाली शिकलेली पोर सोडून चालली, दुखणार नाही तर काय होणार?

पण दुकान उघडायच्या आदल्या दिवशी जे दुखायला लागलं ते निराळंच. आधी बेंबीभोवती, मग सरकत सरकत खाली उजवीकडे आलं आणि तिथंच ठाण मांडून बसलं. जेवणावरची वासना उडाली, उलट्या झाल्या, खोकलं तरी कळ मस्तकात जाई. पण सांगणार कुणाला? ऐन दुकान उघडायच्या वेळी हिच्या पोटात दुखतंय म्हटल्यावर सगळ्या गल्लीने टाळ्या पिटल्या असत्या. थोरलीने दुखणं अंगावर काढलं. दुसऱ्या दिवशीही उजवा पाय पोटाशी घेऊन, कापसाच्या ढिगाला टेकून ती शिवतच राहिली.

आणि दुपारी ते एकदम थांबलं.

अगं बाई! असं हलकं तिला कधी वाटलंच नव्हतं. सुई हातातून कधी गळली ते कळलं नाही. खिडकीतून तिरपं ऊन आत आलं होतं आणि त्यात कापसाचे तंतू तरंगत होते, वर वर जात होते, खाली यायचं नाव नाही. तीही त्यांच्याबरोबर निघाली. खाली धाकटी पुन्हा एवढीशी झाली होती, दोन वेण्या घालून कापसात लोळत होती, आणि थोरली वरून तिला म्हणत होती, जा गं, खुशाल जा, माझं काही म्हणणं नाही. मनातला मत्सर गेला म्हणून पोट बरं झालं, असंच तिला वाटलं. हुडहुडी भरत होती, पण तीसुद्धा गोड लागत होती.

“ताई, चल ना, तिकडे लोक आलेत!” धाकटी दारातून ओरडली. उत्तर आलं नाही तशी जवळ आली. अंगाला हात लावला तर चटकाच बसला.

“कालपासून पोटात दुखत होतं,” थोरली झोपेत बोलल्यासारखी म्हणाली. “आता थांबलं बघ. तू जा.”

धाकटीने तिचं पोट चाचपलं. ते फळीसारखं कडक लागलं. लोक तिकडे पाटीखाली ताटकळत राहिले आणि धाकटीने माल पोचवायच्या टेम्पोत बहिणीला गादीवर आडवं घालून दवाखाना गाठला.

“थांबलं म्हणूनच घाई करायला हवी,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “अपेंडिक्स म्हणजे मोठ्या आतड्याला चिकटलेली बोटाएवढी नळी. तिचं तोंड बुजलं की ती सुजते, दुखते आणि शेवटी फुटते. फुटली की ताण जातो, म्हणून घटकाभर बरं वाटतं. पण आतला पू पोटात पसरतो, आणि त्याने माणूस जातो. कालच आणायचं होतं हो!”

पोट उघडून ती नळी काढली, आतून सगळं धुतलं, सलाईनमधून अँटिबायोटिक चालू केलं. थोरली शुद्धीवर आली तेव्हा छत अजून हलकेच तरंगत होतं आणि धाकटी उशाशी बसली होती.

“तुझं दुकान?”

“उघडलंच नाही.”

“बरं वाटलं ऐकून,” थोरली म्हणाली. भूल पुरती उतरली नव्हती, खोटं बोलायला सुचेना.

धाकटीला हुंदका आला. “काल तू पोट दाबून बसली होतीस ना, ते मी पाहिलं होतं ताई. मला वाटलं, जळतेय माझ्यावर. मनात म्हटलं, दुखू दे जरा.”

थोरलीला राग आला होता, वाईटही वाटत होतं, आणि दोन्हींसाठी अंगात त्राण नव्हतं. धाकटीने डोळे पुसले, नाक ओढलं आणि तिच्या तोंडाशी वाकून विचारलं, “खूप दुखतंय का गं?”

“हो,” थोरली म्हणाली. “खूप दुखतंय. तू इथेच बस.”