दोन अगानेथा

माझी मावशी अगानेथा हीबर्ट वयाच्या चौथ्या वर्षी वारली, विसाव्या वर्षी तिने लग्न केले, पाच मुलांना जन्म दिला आणि गेल्या रविवारी माझ्यासमोर बसून चीज कापले. निदान आमच्या घराण्याच्या वंशवृक्षाचे तसे म्हणणे होते. आणि तो इंटरनेटवर असल्यामुळे त्याच्यावर अविश्वास दाखवणे हे हल्ली असंस्कृतपणाचे लक्षण समजले जाते.

हा पराक्रम माझा मामेभाऊ कॉर्नी याचा. कॉर्नीने आयुष्यभर बियाणे विकले आणि निवृत्तीनंतर तो पूर्वज गोळा करू लागला. ज्या संकेतस्थळावर तो रमतो, तिथे जगातला कोणीही कोणाच्याही खापरपणजोबांना हात लावू शकतो. दोन माणसे सारखी दिसली की यंत्र विचारते, ‘ही एकच व्यक्ती आहे का?’ आणि कॉर्नी, ज्याला जन्मात कुणाला नाही म्हणता आले नाही, ‘होय’ दाबतो. चौथ्या वर्षी मेलेल्या मुलीने विसाव्या वर्षी लग्न कसे केले, असा क्षीण प्रश्न त्या यंत्रालाही पडला होता. त्याने एक लाल उद्गारचिन्ह दाखवले. कॉर्नीने ते ‘ठीक आहे’ म्हणून मिटवले. मी चाळीस वर्षे विद्यापीठात इतिहास शिकवला. निराधार विधानांखाली लाल रेघा ओढण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. माझ्या वर्गात ही दोघे पहिल्याच सत्रात नापास झाली असती, आणि यंत्राला दोन गुण जास्त मिळाले असते.

दक्षिण मॅनिटोबातल्या आम्हा मेनोनाइट या साध्या राहणीच्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांत मूल दगावले की त्याचे नाव पुढच्या मुलाला देत. काहीही वाया घालवू नये, ही आमची शिकवण, अगदी नावसुद्धा. मावशीच्या आधी तिला एक बहीण होती, तीही अगानेथाच. ती घटसर्पाने गेली आणि पुढच्या वर्षी मावशी जन्मली. पाराग्वेतल्या कोणा दूरच्या नातलगाने पहिलीची नोंद त्या वृक्षावर केली होती. कॉर्नीने ती मावशीत मिसळून टाकली. आईबाप तेच, गाव तेच, नाव तेच. आणखी काय हवे?

इथेच थांबले असते तर मी हसून सोडून दिले असते. पण चूक दाखवल्यावर कॉर्नीने ती तत्परतेने सुधारली: मृत्यूची तारीख पुसून टाकली. मावशी जिवंत झाली. ती लहानगी मात्र कधी जन्मलीच नव्हती, असे झाले. येत्या शनिवारी कुटुंबमेळाव्यात हाच वृक्ष भिंतभर छापून लागणार होता. मावशी मला फोनवर एवढेच म्हणाली, “तिला तिथे असू दे गं, जस्टिना. माझ्यानंतर तिची आठवण काढणारं कुणी उरणार नाही.”

म्हणून रविवारच्या फास्पाला, म्हणजे दुपारच्या थंड फराळाला, आम्ही तिघे मावशीच्या टेबलाशी बसलो. दुमजली पाव, चीज, रानचेरीचा मुरांबा, कॉफी आणि लोण्याला खेटून कॉर्नीचा लॅपटॉप.

“पुरावा?” पावाचा वरचा मजला उचलत कॉर्नीने विचारले. “पुरावा नाही तर इतिहास नाही, हे तूच म्हणतेस ना? माझा तो प्रशियाचा सरदार तूच झाडावरून खाली पाडलास.”

“तो सरदार निपुत्रिक मेला होता, कॉर्नी.”

“असेल. पण मिशा काय होत्या! मग आता तुझ्या मावशीसाठी वेगळा नियम होय, प्राध्यापकबाई?”

त्याचे म्हणणे बरोबर होते, आणि कॉर्नीचे म्हणणे बरोबर असणे ही माझ्या सवयीबाहेरची गोष्ट आहे. चर्चची नोंदवही धर्मोपदेशकाच्या घराबरोबर जळाली होती. थडग्यावर नाव कोरणे आमच्या जुन्या लोकांना गर्वाचे वाटे, त्यामुळे दगडही नव्हता.

“आत्या, रागावू नकोस,” तो मावशीला मऊपणे म्हणाला. “पण तू तर तिला पाहिलंही नाहीस. तुला तिचं काय माहीत?”

“बूट माहीत आहेत,” मावशी म्हणाली.

तिने चीजची सुरी खाली ठेवली. “तिचे बूट मला घालायचे. आधी ढिले व्हायचे, मग बरोबर बसले, मग चावायला लागले. मी भोकाड पसरायचे, पण आई दुसरे देईना. नजरेआडही होऊ द्यायची नाही. गोठ्यात नाही, विहिरीपाशी तर नाहीच. शेजारच्या पोरी म्हणायच्या, हिला आईच्या पदराला शिवलीय. मग एका सकाळी आईनं ते बूट काढून घेतले, भावाचे जुने पायात घातले आणि म्हणाली, ‘जा, बाबांना गोठ्यात कॉफी देऊन ये. एकटी जा.’ परत आले तर ती चुलीपाशी रडतही होती नि हसतही होती. मला वाटलं, माझ्या हातून कॉफी सांडली ते कळलं हिला.”

“मग?” कॉर्नीच्या हातातला पाव तसाच राहिला.

“मग काय! त्या दिवशी मी तिच्यापेक्षा मोठी झाले होते. आई मनात मोजत होती. मी ती हद्द ओलांडेपर्यंत तिला श्वास घेता आला नव्हता.” ती त्याच्याकडे वळली. “आम्ही दोघी एकच असतो, कॉर्नी, तर मी पुढे गेले ती कुणाच्या?”

कॉर्नीने बोटे पुसली आणि दोघींना वेगळे करायची कळ दाबली. यंत्राने कारण विचारले, आणि आधारही.

“आधार काय लिहू?” त्याने हळूच विचारले.

“धाकट्या बहिणीची साक्ष,” मी म्हणाले.

“अगं, ती तेव्हा जन्मलीच नव्हती!”

“बूट तिच्या पायात होते. लिही.”

त्याने लिहिले. पडद्यावर दोन चौकटी झाल्या. एकीत अगानेथा, जन्म आणि मृत्यू. दुसरीत फक्त एक शब्द: ‘जिवंत’. नव्या चौकटीत हयात माणसाचे नाव ते संकेतस्थळ दाखवत नाही; बाकीच्या हयातांची कॉर्नीने छपाईसाठी हाताने घातली होती.

“आत्या, तुझं नावच गेलं की!” कॉर्नी घाबरला. “थांब, छापण्याआधी मी हाताने घालतो.”

मावशीने चष्मा लावला आणि वाकून बराच वेळ पाहिले.

“नको. ते नाव तिचंच आहे, मी आपलं वापरायला घेतलेलं. भिंतीवर तिलाच राहू दे.” मग तिने दुसऱ्या चौकटीवर बोट ठेवले. “आणि हे माझ्याबद्दल लिहिलंय ते खरं आहे ना?”

“आहे की, आत्या.”

“मग तसंच छाप. अक्षरं तेवढी जरा मोठी कर.”