आज फार उकडतंय

शशिकलाबाईंचं डोकं त्या दिवशी सकाळपासूनच फिरलेलं होतं, आणि त्याला उन्हाळा अर्धाच जबाबदार होता. उरलेली जबाबदारी शेजारच्या मल्काबाई नागावकरांची होती. दोघींच्या घरांमध्ये कमरेएवढी भिंत. तिच्यापाशी पांढरी साडी नेसून, हात पुढे बांधून मल्काबाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "शशिकलाबाई, आज फार उकडतंय."

देवासला मे महिन्यात उकडतं हे सांगायला कोणी भिंतीपाशी येत नाही. याचा अर्थ एवढाच होता की त्यांच्या पुढच्या खोलीतला विजेचा खटका, एमसीबी, पडला आहे, दोन्ही कूलर बंद आहेत आणि शशिकलाबाईंनी येऊन तो वर करावा.

"मग एमसीबी वर करून दे, असं सरळ म्हणा की!"

"तसं कसं म्हणणार?" मल्काबाई शांतपणे म्हणाल्या. "आज शाबुओथ ना."

मल्काबाई बेने इस्राएल, म्हणजे मूळच्या कोकणातल्या मराठी यहुदी. त्यांचे यजमान एज्राभाऊ आणि शशिकलाबाईंचे यजमान, ज्यांना अख्खी कॉलनी नुसतं भाऊ म्हणते, दोघे एकाच कारखान्याच्या नोकरीसाठी महाराष्ट्रातून इथे आले. एज्राभाऊंनी घर बांधलं ते पुढची मोठी खोली देवाला देऊनच. मुंबईच्या एका सिनेगॉगकडून, म्हणजे यहुदी प्रार्थनामंदिराकडून, तोरा या धर्मग्रंथाची गुंडाळी आणली, तिच्यासाठी सागवानी कपाट केलं, आणि मल्काबाईंनी धारला जाऊन त्या कपाटाला बाग गावच्या ठशांचा लाल-काळा पडदा शिवून आणला. तेव्हापासून देवास, धार आणि पीथमपूरमधली सगळी बेने इस्राएल माणसं सणावाराला इथे जमत. सगळी म्हणजे किती, तर तोरा उघडून वाचायला दहा पुरुष लागतात, ते कसेबसे भरतील इतकी.

ते सगळं शशिकलाबाईंना मान्य होतं. त्यांना मान्य नव्हतं ते हे बटणांचं प्रकरण. शाबाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, आणि सणाला या लोकांनी विजेच्या बटणाला हात लावायचा नाही. बरं, नाही तर नाही. पण शेजारणीला "तू लाव" असंही म्हणायचं नाही! आडून सुचवलेलं चालतं. शेजारणीला आपणहून उमगलं आणि तिने केलं, तर हरकत नाही. उमगलं नाही तर सगळ्यांनी घामाच्या धारा पुसत देवाचं नाव घ्यायचं. सुरुवातीच्या एका सणाला मल्काबाई "फार उकडतंय" म्हणाल्या, तेव्हा शशिकलाबाई "हो ना, आमच्याकडेही तेच" म्हणून पोळ्या लाटायला निघून गेल्या होत्या. त्या दिवशी पुढच्या खोलीतल्या सिनेगॉगमध्ये दोन म्हातारे चक्कर येऊन पडले. तेव्हापासून शशिकलाबाई शब्दांपेक्षा मल्काबाईंच्या भिवया बघायला शिकल्या. "आज अंधार लवकर पडला" म्हणजे दिवा लावा. "दुधाला वास येतोय का बघा" म्हणजे गॅस बंद करा.

आणि ही खोड सणापुरती राहिली असती तर शशिकलाबाईंनी तीही सोसली असती. पण एज्राभाऊ गेल्यावर ती मल्काबाईंच्या अंगातच मुरली. गेल्या थंडीत त्या न्हाणीघरात पडल्या. शशिकलाबाई भिंतीपलीकडे कपडे वाळत घालत होत्या. आतून आवाज आला, "शशिकलाबाई, आज फरशी फार गार आहे हो." शशिकलाबाई म्हणाल्या, "मग चपला घाला." आणि आणखी चार कपडे वाळत घातल्यावर त्यांच्या डोक्यात उजेड पडला, तशा त्या धावल्या. बघतात तर म्हातारी मांडीचं हाड मोडून फरशीवर पडलेली!

"अहो, 'वाचवा' म्हणून ओरडता येत नाही?"

"तुमच्या हातात ओले कपडे होते," मल्काबाई म्हणाल्या.

याच पडण्यामुळे त्यांचा मुलगा हनोक इस्रायलमधल्या अश्दोदहून आला. आईला एकटं ठेवायचं नाही, कायमचं घेऊन जायचं, असं ठरवूनच आला. मल्काबाई "बरं" म्हणाल्या. घर विकायची बोलणी झाली, त्यालाही "बरं". तोराची गुंडाळी मुंबईला परत जाणार, त्यालाही "बरं". शाबुओथ झाला की रविवारी इंदूरहून विमान होतं.

शशिकलाबाईंना हे कळलं ते हनोककडून. मल्काबाईंनी त्यांना एका शब्दानेही सांगितलं नव्हतं. एवढ्या वर्षांचं शेजारपण, एकमेकींची बाळंतपणं, आजारपणं काढलेली, आणि ही बाई मुकाट्याने बॅगा भरते! त्यांना फार लागलं. खरं तर त्यांना रडू येत होतं, पण रडू आलं की त्या भांडत, हा त्यांचा जुना स्वभाव. म्हणून पंधरवडाभर त्या भांडत होत्या, भाऊंशी, दूधवाल्याशी, आणि सगळ्यांत जास्त भिंतीशी.

कारण भिंतीवरून वाक्यं येतच होती. "मोगऱ्याला माझ्याच हातचं पाणी लागतं." शशिकलाबाई म्हणाल्या, "मीही नळाचंच घालेन." "भाऊंच्या गुडघ्याला चोळायचं तेल मीच उकळून देते नाही का?" "बाजारात मिळतं." मग एकदा, "हनोकचं घर नवव्या मजल्यावर आहे. नवव्या मजल्यावर भिंत कुठली असणार."

"आता घरं भिंतींशिवाय बांधतात का?" शशिकलाबाई खेकसल्या. "जायचंय ना? मग सुखाने जा. माझ्या मागे ही किरकिर कशाला?"

मल्काबाई मोगऱ्याची चार फुलं भिंतीवर ठेवून आत गेल्या.

तर आज शाबुओथ. सिनाय पर्वतावर तोरा मिळाली, त्याचा सण. या दिवशी दुधाचं जेवण आणि सिनेगॉगला हिरवाई. आंब्याचे डहाळे पीथमपूरच्या मुलांनी आदल्या दिवशीच बांधले होते. चीक शशिकलाबाईंनी दूधवाल्याशी हुज्जत घालून मिळवला होता आणि मल्काबाईंच्या, फक्त दुधासाठी वेगळ्या ठेवलेल्या भांड्यांत खरवस लावून ठेवला होता. एवढं सगळं केल्यावर आता सकाळी सकाळी "उकडतंय"! त्या पाय आपटत गेल्या, स्टुलावर चढल्या, एमसीबी वर केला. कूलर घरघरायला लागले.

"भिया, जान में जान आई," पीथमपूरचा एक मुलगा म्हणाला.

"मला भिया म्हणू नको, मी काय भैया आहे?" शशिकलाबाई म्हणाल्या, आणि सवयीने पुरुष मोजले. दहा होते. दहावा हनोक.

धारहून आलेले मोझेसकाका हजान, म्हणजे प्रार्थना चालवणारे. निवृत्त मास्तर. पूर्वी निसरपूरच्या शाळेत होते. धरणाचं पाणी आलं, गाव हललं, तेव्हा धारला आले. त्यांनी बागचा पडदा सारला आणि गुंडाळी बाहेर काढली. दहा आज्ञा वाचताना सगळे उभे राहतात, तशा दाराशी शशिकलाबाईही उभ्या राहिल्या. हिब्रू त्यांना कळत नव्हती, पण काकांचा आवाज यंदा मध्येच अडकतोय एवढं कळलं. तोरापाशी येण्याचा मान हनोकला दिला होता. मल्काबाई बायकांच्या रांगेत ताठ उभ्या होत्या, आंधळ्यासारख्या समोर बघत.

प्रार्थना संपली, पडदा पुन्हा ओढला गेला, आणि तिथेच खुर्च्या वळवून सगळे खरवस खायला बसले. मोझेसकाका म्हणाले, "इथला हा शेवटचा शाबुओथ. पुढच्या वर्षी कुठे जमायचं, देव जाणे. एज्राने केवढ्या हौसेने ही खोली बांधली."

"काका, मलाही वाईट वाटतंय," हनोक म्हणाला. तो भला मुलगा होता, खोटं बोलत नव्हता. "पण आत्ताच वाचलंत ना, आईबापांचा मान राखावा? बाबांसाठी मला वेळेवर येता आलं नाही. आईच्या बाबतीत तसं होऊ देणार नाही. तीही खुशीने येतेय. हो ना, आई?"

सगळ्यांनी मल्काबाईंकडे पाहिलं. मल्काबाईंच्या हातात खरवसाची वाटी होती. त्यांनी मुलाकडे पाहिलं नाही. मान वळवून दाराकडे पाहिलं आणि त्या म्हणाल्या,

"शशिकलाबाई, आज फार उकडतंय."

शशिकलाबाईंनी कपाळावर हात मारला. वाटी खाली ठेवली, स्टूल ओढलं, वर चढल्या. एमसीबी वरच होता. वळून पाहिलं, तर दोन्ही कूलर जोरात चालले होते. आंब्याचे डहाळे फडफडत होते. मल्काबाईंचा पदर वाऱ्याने खांद्यावरून उडत होता.

"आंटी, कूलर तो चल रहा है," पीथमपूरचा मुलगा म्हणाला.

"दिसतंय मला!" शशिकलाबाई ओरडल्या, आणि ओरडता ओरडता थांबल्या.

मल्काबाईंच्या भिवया त्यांना दिसल्या.

वर करायला तिथे काहीच नव्हतं, आणि तरी ही बाई सांगत होती. स्टुलावर उभ्या राहिल्या राहिल्या शशिकलाबाईंना पंधरवडाभराची सगळी वाक्यं आठवली. मोगरा. गुडघ्याचं तेल. नवव्या मजल्यावर नसलेली भिंत. फरशी गार आहे, फरशी गार आहे, असंच म्हातारी पंधरा दिवस म्हणत होती, आणि आपण तिला चपला घाला म्हणत होतो. त्यांना स्वतःचाच भयंकर संताप आला. मग नेहमीप्रमाणे तो संताप त्यांनी दुसऱ्यावर काढला.

"नाही!" त्या स्टुलावरूनच म्हणाल्या. "मल्काबाई, आज मी काही ओळखणार नाही. जन्मभर मीच ओळखायचं? मी काय तुमच्या पोटात शिरून बसलेय? काय हवंय ते तोंडाने मागा. सगळ्यांसमोर. नाहीतर ही मी चालले."

"मावशी, काय झालं?" हनोक गोंधळून उठला.

"तू गप्प बस. मी तिला विचारतेय."

कूलर घरघरत राहिले. मल्काबाईंचे ओठ दोनदा हलले. कोणाकडे काही मागायची सवयच नव्हती त्या बाईला. नवऱ्याकडे मागितलं नाही, मुलाकडे मागितलं नाही, मोडलेल्या हाडासाठीसुद्धा हाक मारली नाही. वाटी त्यांनी शेजारच्या खुर्चीवर ठेवली.

"शशी," त्या म्हणाल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच नुसतं शशी. "मला जायचं नाही. मला इथे ठेवून घे गं."

मोझेसकाकांनी घाईने प्रार्थनेचं पुस्तक उघडलं आणि त्यात मान घातली. शशिकलाबाई स्टुलावरून उतरल्या. एकदम उतरल्या, तशी पायातून कळ गेली, पण तिकडे लक्ष कोणाचं होतं! त्यांनी मल्काबाईंचा उडणारा पदर खांद्यावर नीट बसवला आणि तिथेच त्यांचा दंड घट्ट धरून ठेवला.

"ऐकलंस?" त्यांनी हनोकला विचारलं. आवाज भरून आला होता, म्हणून त्या आणखीच ओरडल्या. "ऐकलंस ना तुझ्या आईने काय मागितलं?"

हनोकचा चेहरा उतरला होता. "आई, तू 'बरं' म्हणालीस. प्रत्येक वेळी 'बरं' म्हणालीस."

"तू इतक्या लांबून आलास," मल्काबाई म्हणाल्या. "नाही कसं म्हणू?"

"आणि पुन्हा पडलीस तर? मी तिकडे, तू इथे एकटी..."

"एकटी कुठे?" शशिकलाबाई म्हणाल्या. "मधली भिंत पाडून वाट करते. रात्री मी इकडे झोपेन, नाहीतर ती तिकडे झोपेल. भाऊंना घोरायला अख्खी खोली मिळेल. पडली तर उचलेन. तुझ्या नवव्या मजल्यावर, तू कामावर गेल्यावर, कोण उचलणार होतं तिला? आणि फरशी गार आहे म्हणाली, तर कळणार तरी कोणाला?"

हनोक बागच्या पडद्याकडे बघत उभा राहिला. बापाच्या खोलीत, बापाच्या माणसांत. मल्काबाई मुलाकडे बघत नव्हत्या. शशिकलाबाईंनी त्यांचा दंड अजून सोडला नव्हता.

"रविवारची तिकिटं आहेत," हनोक शेवटी म्हणाला.

"मग कर ना रद्द! लाव फोन!"

"मावशी, आज सण आहे. मला फोनला हात लावता येत नाही."

शशिकलाबाईंनी आकाशातल्या देवाला उद्देशून काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. तेवढ्यात हनोकने तोंड कूलरकडे फिरवलं आणि कूलरलाच सांगावं तसा तो म्हणाला, "आत आईच्या टेबलावर माझा फोन पडलाय. लॉक नाही त्याला. आईचं तिकीट काढणाऱ्या इंदूरच्या माणसाचा नंबर सगळ्यात वर आहे." जरा थांबून त्याने गळा साफ केला. "सहज सांगतोय."

"अरे देवा, हाही तसलाच!" म्हणत शशिकलाबाईंनी डोळे पुसले, पदर खोचला आणि त्या आत गेल्या.