वाकड्या बोटाची जागा

मित्रांनो, मी एक जुना हातमोजा, आणि तोही एकटाच. जोडीतला उजवा आता या जगात नाही. मी डाव्या हाताचा. माझा रंग माणसाच्या कातडीसारखा आहे. तो कुणी हौसेनं निवडला नाही, लाजेपोटी निवडला.

ओहायो नदीकाठच्या एका गावात, खोगिरं शिवणाऱ्याच्या दुकानात माझा जन्म झाला. तेव्हा बेसबॉल उघड्या हातांनी खेळत. फलंदाजाच्या मागं राहून सुसाट चेंडू अडवायचा तो कॅचर, आणि गावच्या संघाचा कॅचर होता कॉर्नेलियस टॅन्सी, सगळ्यांचा कॉन. आठवडाभर वीटभट्टीवर, शनिवारी मैदानावर. त्याची बोटं इतक्यांदा मोडली होती की त्याच्याशी हात मिळवणारा माणूस दचकायचा. डाव्या हाताची करंगळी तर मोडून बाहेरच्या अंगाला आकड्यासारखी वळली होती, ती तशीच राहिली.

शेवटी त्यानं गुपचूप आमची जोडी शिवायला टाकली. "लांबून कुणाला कळू नये असा रंग दे," असं खोगीरवाल्याला बजावलं. पण कळायचं ते कळलंच. पहिल्याच शनिवारी बाकांवरून कुणीतरी हाक दिली, "काय रे कॉन, मोजे घालून आलास? लग्न कुणाचं आहे?" दुसरा म्हणाला, "थंडी वाजतेय त्याला. शाल आणा कुणीतरी." जुलै महिना होता. कॉननं मान वर केली नाही, पण घामानं मी आतून चिंब झालो, आणि तो घाम सगळाच उन्हाचा नव्हता.

त्याची करंगळी माझ्यात नीट मावत नव्हती. त्याची बायको होनोरा हिनं माझी एक बाजू उसवली, चामड्याचा तिकोनी तुकडा घातला आणि घरात होता त्या निळ्या दोऱ्यानं शिवून टाकला.

"दिसायला काही बरं दिसत नाही," कॉन म्हणाला.

"तुझं बोट तरी कुठं बरं दिसतं," ती म्हणाली आणि दोरा दातानं तोडला.

सामन्याच्या सकाळी ती खाटकाकडून कच्च्या गोमांसाचा जाड काप आणायची. तो तळहातावर आणि त्यावर मी. कॅचर लोक असंच करत, चेंडूचा मार थोडा तरी मऊ व्हावा म्हणून. खेळ संपेपर्यंत त्या मांसाचा लगदा व्हायचा आणि तो घरच्या कुत्र्याला मिळायचा. संघाचा इतका निष्ठावान पाठीराखा गावात दुसरा नव्हता. माझ्या तळव्यावरचा काळपट डाग तेव्हापासूनचा.

नदीच्या वरच्या गावाला आम्ही हरवलं, तेव्हा चेंडू फेकणाऱ्याला लोकांनी खांद्यावर घेतलं. त्याचे चेंडू कुणी झेलले, हे कुणी विचारलं नाही. संघाचं छायाचित्र काढलं त्यात सगळ्यांचे हात गुडघ्यांवर आहेत. कॉन टोकाला उभा आहे, हात पाठीमागे.

पुढं खेळ सुटला, भट्टी सुटली नाही. म्हातारपणी कॉन गेला, तेव्हा होनोरानं उजवा मोजा शवपेटीत त्याच्या हाताशी ठेवला. "एक तू ने," ती म्हणाली, "एक माझ्यापाशी राहू दे." त्यानंतर मी तिच्या चुलीवरची तापलेली भांडी उतरवू लागलो. माझी कड जळाली ती तिथंच. पण खोटं कशाला सांगू, ते दिवस वाईट नव्हते. रोज कुणाचा तरी हात आत असायचा. मग तीही गेली आणि मी पेटीच्या तळाशी गेलो, कॉनच्या नातीच्या, फिलोमिनाच्या, माळ्यावर. तिथं मात्र हात नव्हता. मी आक्रसत गेलो.

मला बाहेर काढलं ते वेंडेल ऑस्ट्रँडरनं. शाळेची बस चालवून निवृत्त झालेला हा माणूस. केस कापायला जाई त्या दुकानात ते छायाचित्र टांगलेलं होतं, आणि एकाच माणसाचे हात मागं का, हे कोडं त्याच्या डोक्यातून जाईना. तेव्हापासून तो कॉन टॅन्सीच्या खाणाखुणा गोळा करी. एका सामन्याचं तिकीट, पट्ट्याचं बक्कल, ते छायाचित्र. गावातले चिडवत, "वेंडेल, जमवायचंच तर निदान प्रसिद्ध माणसाचं तरी जमव." अखेर ग्रंथालयानं त्याला काचेचं एक कपाट दिलं. त्यासाठी म्हाताऱ्या फिलोमिनानं मला त्याच्या हवाली केलं.

त्यानं मला तान्ह्या मुलासारखं घरी नेलं. आणि मित्रांनो, घात तिथंच झाला. मी देखणा दिसावा असं त्याला वाटलं. जळकी कड, डाग, निळा दोरा, हे सगळं त्याच्या मते स्वयंपाकघरानं केलेलं नुकसान होतं. त्यानं चामडं धुवायचा साबण काढून ठेवला, बारीक पातं घेतलं आणि एकेक निळा टाका कापायला बसला. मला तोंड नाही. कॉनचं जे काही या जगात उरलं होतं ते टाक्याटाक्यानं निघून चाललं होतं, आणि कापणारा तर त्याच्यावर जीव टाकणारा.

अर्धी शिवण उसवली होती, तेवढ्यात फिलोमिना सफरचंदाचा केक घेऊन आली.

"हे काय चाललंय रे?"

"ही डागडुजी काढतोय, फिलोमिनाबाई. उद्या बघा कसा दिसतो."

तिनं केक टेबलावर ठेवला. "ती डागडुजी नाही. ते माझ्या आजोबांचं बोट आहे."

वेंडेलचा हात थांबला.

"रस्ता ओलांडताना मी हेच बोट धरायचे," ती म्हणाली. "सरळ बोट हातातून निसटतं. आकडा निसटत नाही. त्या बोटासाठी आजीनं ही जागा केली."

वेंडेलनं छायाचित्र जवळ ओढलं. "म्हणून हात मागं," तो हळूच म्हणाला. मग जरा रागानंच, "आधी का नाही सांगितलंत?"

"तू सामने विचारलेस. मला सामने काय माहीत? बोटाचं कुठं विचारलंस?"

त्यानं साबणाचा डबा बंद केला. निळा दोरा आणून पुन्हा शिवतो म्हणाला, तर तिनं मान हलवली. "राहू दे. अर्धी शिवण आजीची, उसवलेली अर्धी तुझी. तूही आता ह्यात आलास."

आता मी काचेआड आहे, डाग वर आणि निळे टाके समोर. मित्रांनो, जुनी वस्तू हाती आली तर तिची काळजी जरूर घ्या, पण पुसण्याआधी, उसवण्याआधी तिच्या माणसांना विचारा. तुम्हाला जो डाग वाटतो, तो कदाचित कुणाचा तरी हात असेल.

कपाट बंद करण्याआधी फिलोमिनानं वेंडेलला थांबवलं होतं. तिनं हात माझ्यात घातला. तिची सरळ करंगळी त्या तिकोनी जागेत चाचपडली, बाहेरच्या अंगाला वळली आणि तिथं टेकली. "आहे," ती म्हणाली. मग वेंडेलनं काच लावली.