ओटीसमोरची डोण

मी एक जुनी डोण आहे. मित्रांनो, डोण म्हणजे गुरांना पाणी पाजायची दगडी कुंडी. तुमच्यापैकी पुष्कळांनी मला पाहिलं नसेल, त्यात तुमचा दोष नाही. गोठेच राहिले नाहीत, तर डोणी कुठून दिसणार?

महाडजवळच्या नाते गावात एका पाथरवटाने मला अखंड काळ्या दगडातून कोरलं. सव्वा महिना त्याची छिन्नी माझ्या अंगावर चालली. मग मी गोठ्याच्या दाराशी बसले आणि बैलांच्या चार पिढ्या माझ्यातलं पाणी प्यायल्या. त्यांच्या मानांनी घासून माझा काठ गुळगुळीत झालाय. मला त्याचा अभिमान आहे, तो मी लपवणार नाही.

पुढे नांगरणीला पॉवर टिलर आला. बैल विकले, गोठा मोडला आणि मी घरामागे फुटक्या कौलांच्या ढिगात जाऊन पडले. कुणी माझ्याकडे ढुंकून बघेना.

घराच्या मालकीणबाई बयाबाई. त्यांना पुढच्या अंगणात बागेची हौस. मुंबईचे नातेवाईक दर गणपतीला त्या बागेसाठी काहीतरी घेऊन यायचे. कुणी सिमेंटचं हरीण, कुणी रंगीत कारंजं. दीर महिपत यांनी तर टेम्पोत घालून पांढरा हंस आणला. बयाबाईंना कुणाचं मन मोडवेना. सगळ्या वस्तू दारासमोर रेशनच्या रांगेसारख्या उभ्या राहिल्या.

सून उज्वला महाडला एका नर्सरीत कामाला. एका सकाळी तिने सासूला घरापुढच्या ओटीवर बसवलं.

"आई, समोर बघा. आधी काय दिसतं?"

"सगळंच दिसतंय गो."

"म्हणजे काहीच दिसत नाही. नजर बसायला एकच जागा हवी. बाकीच्यांनी जरा आडोशाला राहायचं."

"नि पुढं कुणाला घेऊ? बाकीच्यांची तोंडं वाकडी होतील. गणपतीत सगळ्यांना तोंड मला द्यायचं हाय."

त्याच आठवड्यात बयाबाईंच्या मुलाने, राजेशने, कुंपणाची भिंत बांधायला काढली. गवंडी घरामागे आला, मला पायाने ठोकून म्हणाला, "चांगला दगड हाय. फोडून भिंतीच्या पायात घालतो." राजेश "घाला" म्हणाला. मित्रांनो, मी घाबरले. घाव काय असतो ते मला जन्मापासून ठाऊक आहे.

उज्वला धावत आली. "हिला हात लावायचा नाही!"

"अगं, पडीक दगड तो. काय करणार त्याचं?" राजेशने विचारलं.

"मला जागा सापडली होती, वस्तू सापडत नव्हती. ती ही."

कुणी मदतीला येईना. तिने पहार आणली, माझ्याखाली गोल ओंडके सरकवले आणि मला वीत वीत पुढे नेलं. हाताला फोड आले, तेव्हा फडकं बांधलं आणि पुन्हा लागली. संध्याकाळी राजेशही पहारीला लागला. पायवाट वळते तिथे, बरोबर ओटीसमोर, त्यांनी मला बसवलं. मागे नुसती अडुळशाची हिरवी झुडपं, आत पाणी आणि दोन कमळं. हरीण केळीखाली गेलं, हंस विहिरीजवळ, कारंजं परसात. टाकलं कुणालाच नाही.

गणपतीला महिपत आले. हंस जागेवर नाही हे बघून त्यांचा चेहरा पडला. महिपत ओटीवर टेकले आणि त्यांची नजर माझ्यावर येऊन बसली.

"वयनी, ही कुणी आणली?"

बयाबाई ताठ उभ्या राहिल्या. "कुणी आणली नाय, भावोजी. आपलीच हाय. गोठ्यातली."

महिपतांनी मग हंसाचं नाव काढलं नाही. उठले, विहिरीवरून बादली भरून आणली आणि माझ्यात ओतली. मुंबईला जाण्याआधी, लहानपणी, मला भरायचं काम त्यांचंच होतं. किती वर्षांनी त्यांचा हात माझ्या काठावरून फिरला! माझा दगडाचा जीव, पण भरून आला.

मित्रांनो, अंगण सजवा, जरूर सजवा. पण बाजाराची पिशवी उचलण्याआधी घरामागे एक चक्कर मारा. तिथे जे पडलं असेल, त्याला घण घालण्याआधी एकदा उजेडात ठेवून बघा. आणि उचलायला कुणी आलं नाही, तरी पहिली पहार तुम्हीच लावा.