फ्लेक्सवरचं अर्घ्य

संग्रामपूरच्या स्टँडवर एसटीतून उतरल्या उतरल्या झुंबरबाईंना स्वतःचंच तोंड दिसलं, चांगलं खाटेएवढं. फ्लेक्सवर निळाशार समुद्र होता, एका अंगाला उगवता सूर्य होता, आणि घोटाभर पाण्यात, ओलं पातळ पोटऱ्यांना चिकटलेली, डोळे मिटून उभी असलेली एक म्हातारी होती. ती आपणच, हे कळायला त्यांना जरा वेळ लागला. मिटल्या डोळ्यांचं आपलं तोंड कोणी कधी पाहिलेलं असतं? ओंजळीतून गळणारं पाणी मात्र त्यांनी लगेच ओळखलं.

वर ठसठशीत लाल अक्षरं होती: 'दिवाळीच्या सुट्टीत चला! शरदाचं कोवळं ऊन, निळा समुद्र, प्राचीन मंदिरं!' आणि म्हातारीच्या तोंडापाशी पांढरा फुगा काढून त्यात लिहिलं होतं: 'फुल मजा आली! मी तर पुन्हा जाणार!'

झुंबरबाईंनी पदर डोक्यावर ओढून घेतला. जणू त्यानं वरच्या बाईचंही अंग झाकलं जाणार होतं.

सोनाळ्यात लग्न होऊन आल्यापासून सूर्याला अर्घ्य दिल्याशिवाय त्यांनी पाण्याचा घोट घेतलेला नव्हता. रविवार अळणी. आवाज एवढा हलका, की त्या बोलल्या तर अंगणातली चिमणी उडत नाही, असं गावात म्हणत. गेल्या वर्षी गावोगावच्या लोकांना यात्रेला नेणाऱ्या हिंमतरावांबरोबर त्या जगन्नाथपुरी आणि कोणार्कला गेल्या, त्या एकाच ओढीनं. ज्याला जन्मभर पाणी दिलं, त्याच्या रथाचं दगडी चाक एकदा डोळ्यांनी पाहायचं होतं. पहाटे त्यांनी समुद्रात उभं राहून अर्घ्य दिलं. तेव्हा कोणी फोटो काढला, देव जाणे. मग सारा दिवस हिंमतरावांची गाडी किनाऱ्याकिनाऱ्यानं रेंगाळली. आधी उंटावरच्या चकरा, मग शंख-शिंपल्यांचं दुकान, मग त्याच दुकानदाराच्या मेव्हण्याचं दुकान. कोणार्कला पोचले तेव्हा पहारेकरी लोकांना बाहेर काढत होता. कुंपणाच्या गजांतून काळोखात काहीतरी काळं दिसलं. चाक दिसलंच नाही. "पुढच्या साली पाहून घेऊ, काकू," हिंमतराव हसून म्हणाले होते.

घरी आल्यावर झुंबरबाईंनी यातलं अवाक्षर काढलं नाही. तीर्थाला जाऊन आल्यावर उणंदुणं काढू नये, असं त्यांना लहानपणापासून शिकवलेलं. आणि त्या गप्पपणात या माणसानं आपला फुगा आणून चिकटवला होता.

घरी यजमानांनी, वामनरावांनी, तो फ्लेक्स आधीच पाहिला होता; त्यांना त्यात काही वावगं दिसेना. फोटो झकास आला, असं म्हणून ते पुन्हा पेपरात शिरले. पण संध्याकाळी शेजारच्या शरयूवहिनी काठी टेकत आल्या. त्यांच्या गुडघ्यांत आता एकाच प्रवासाचं बळ उरलं होतं, हे साऱ्या आळीला ठाऊक होतं. त्यांनी यात्रेत नाव टाकलं होतं.

"लेक नाई म्हने," त्या म्हणाल्या. "मी म्हतलं, झुंबरबाई खोटं बोलत नाई. त्या पुन्हा जाऊन राह्यल्या, तं मले कायची भीती?"

झुंबरबाईंच्या हातातला वातीचा कापूस तसाच राहिला. फोटोचं दुःख त्यांनी गिळलंही असतं. पण चोरानं त्यांचा शब्दच पळवला होता आणि तो घेऊन घरोघर फिरत होता.

दुसऱ्या दिवशी त्या स्टँडसमोरच्या हिंमतरावांच्या हपिसात जाऊन उभ्या राहिल्या. हिंमतरावांनी खुर्ची दिली, चहा मागवला. झुंबरबाई बसल्या नाहीत.

"काकू, तुमी तं इस्टार झाल्या," हिंमतराव म्हणाले. "तुमच्या तोंडावर गाडी भरून राह्यली."

"मी हे बोललीच नाई, हिंमतराव."

"बोलल्या नसान, पन मजा तं आलीच ना? लोकाईले वाचाले बरं वाटते. चला, या साली तुमची शीट फुकट."

फ्लेक्स उतरवा, एवढंच त्या पुन्हा म्हणाल्या. त्यावर हिंमतरावांनी मोठ्या मनानं तोडगा काढला. दिवाळी झाली की तो फ्लेक्स तुम्हालाच देतो, सोयाबीनच्या ढिगावर झाकायला कामी येतो.

ढिगावर म्हणजे त्यावर दगड ठेवणार, कुत्री बसणार, आणि त्यात सूर्यनारायण. चहाला हात न लावता झुंबरबाई बाहेर पडल्या.

बाजाराच्या दिवशी अर्घ्य देऊन त्या पहिल्या गाडीनं संग्रामपूरला आल्या आणि आपल्याच फोटोखाली उभ्या राहिल्या. बाया वर पाहायच्या, खाली पाहायच्या, हसायच्या. "काकू, तुमीच ना हो?"

"हाव, मीच. पन हे मी बोलली नाई. मले मंदिर दिसलंच नाई."

आवाज एवढा हलका की ऐकायला जवळ यावं लागे. जवळ आलेली बाई हलत नसे, कारण उंट, दुकान आणि मेव्हण्याचं दुकान ऐकल्यावर चाकाचं काय झालं, ते ऐकायचं असे. मागच्या पुढे सरकल्या. सांगितलेलंच झुंबरबाई नव्यानं आलेल्यांना सांगत राहिल्या, आवाज न चढवता, एकही शिवी न देता. भाजीवाल्या पाट्या सोडून आल्या. शरयूवहिनीही काठी टेकत आल्या, शेवटपर्यंत ऐकलं आणि हिंमतरावांच्या हपिसाच्या पायऱ्या चढू लागल्या, नाव काढून घ्यायला.

उन्हं उतरायच्या आत हिंमतराव स्वतः शिडीवर चढले आणि दोऱ्या कापल्या. खाली पडता पडता फ्लेक्स झुंबरबाईंनी झेलला, सूर्य आत येईल अशी घडी घातली आणि काखेत मारला. घरी वामनराव सोयाबीनचं नाव काढू लागले, तेव्हा बाईंनी नुसतं त्यांच्याकडे पाहिलं. वामनराव पुन्हा पेपरात शिरले.

आठवड्यानं त्याच जागी नवा फ्लेक्स लागला. समुद्र तोच. या वेळी पाण्यात टोपी घातलेली एक गोरी बाई होती, कुठल्या देशातली कोण जाणे. तिच्या तोंडापाशी तोच फुगा होता आणि ती शुद्ध मराठीत म्हणत होती: 'मी तर पुन्हा जाणार!'

झुंबरबाई एसटीतून उतरल्या, तिच्याकडे बराच वेळ पाहत राहिल्या. मग पदर खोचून त्यांनी पुन्हा हपिसाची वाट धरली. हिंमतरावांनी या वेळी खुर्ची दिली नाही.

"इले तरी इचारलं का, हिंमतराव?"