मड्डमच्या नावचा जोगवा

आमच्या मुरुमच्या दवाखान्यातल्या मड्डमला एक खोड व्हती. भेटंल त्याला म्हणायची, "माझ्याकरिता प्रार्थना करा." भाजीवालीला म्हणायची, हमालाला म्हणायची, दळण घिऊन चाललेल्या बाईला मधीच थांबवून म्हणायची. समुद्रापल्याड तिच्या गावच्या चर्चला तर सारखं लिवायची. मला लई हसू यायचं. एवढी शिकलेली बाई, सुया टोचती, अडलेल्या बाया सोडवती, आन् मागती काय, तर प्रार्थना!

मी कमलबाई. दवाखान्यातली झाडलोट आन् पाणी भरणं माझ्याकडं. निजाम गेला, राज्य बदललं, माझा झाडू काय बदलला न्हाय. पर तक्रार न्हाय बगा. माझी सून अडली तवा मड्डमनंच नातू माझ्या वट्यात घातला. तवापासनं माझा जीव तिच्यावर.

मग एका साली तिची छाती बिघडली. खोकून खोकून बेजार. तिच्या मुलखातल्या मिशनच्या मोठ्या लोकांनी कळवलं, आता बास करा, परत या, दवाखाना बंद करू. नक्की काय ते बैठकीत ठरणार व्हतं. मड्डम वसरीला माझ्याजवळ यिऊन टेकली. "कमलबाई, मला जायचं नाही. माझ्याकरिता प्रार्थना करा. खरोखर करा," म्हणाली. डोळं भरलं व्हतं तिचं. मला बी गलबलून आलं.

आता आमच्यात मोकळ्या हातानं मागायची रीत न्हाय. देवीकडं मागायचं तर काय तरी कबूल करावं लागतं. आई लेकराच्या नावानं नवस बोलती, आन् लेकरानं तो फेडायचा. म्या तुळजापूरकडं तोंड करून हात जोडलं आन् बोलून गेले, "भवानी आई, मड्डमला इथंच राहू दे. ती पाच घरं जोगवा मागंल."

ती मागंल म्हणलं म्या! तिला इचारलं बी न्हाय.

पुढच्या महिन्यात तार आली. राहायची परवानगी मिळाली. मड्डम हसती काय, रडती काय! सगळा दवाखाना खूश, आन् मला आठवला त्यो नवस. माझी थोरली जाऊ कस्तुराबाई तर कपाळावर हात मारून म्हणाली, "अगं येडे, किरिस्ताव बाई परडी धरंल व्हय? नवस फिटला न्हाय तर देवी तिला ठिवंल का हितं?"

गेले की मग मड्डमकडं, आन् सांगितलं सगळं.

मड्डमनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "कमलबाई, मी देवीच्या नावानं मागू शकत नाही. ते खोटं होईल."

माझं डोस्कंच फिरलं. "वा गं वा! राहायचं म्हणून आमच्या मागं लागलात, आन् आता फेडायला नगं व्हय? उद्या तुमाला न्यायला आलं कुणी, तर मी कुणाच्या तोंडाकडं बगू?" बोलता बोलता रडूच फुटलं मला.

तिनं माझा हात धरला. "दारोदार मागायची मला लाज नाही. आजवर दुसरं काय केलं मी? पण तोंडानं म्हणेन ते खरं असेल तेवढंच. चालेल तुमच्या देवीला?"

म्या डोळं पुसलं. म्हणलं, "चालंल. न चालायला काय झालं? मी बोलते तिच्याशी."

मंगळवारी निघालो. परडी माझ्या हातात, पदर मड्डमनं पसरला. लुगडं माझंच नेसली व्हती, चालताना सारखी अडखळत व्हती. दारात उभी राहून म्हणायची, "कमलबाईंनी माझ्यासाठी मागितलं. ते फेडायला आले. वाढा." बाया पीठ-मीठ वाढायच्या. कुंकू लावायला गेल्या तर तिनं हात जोडलं, आन् कुणी आग्रह केला न्हाय. पाचवं घर कस्तुराबाईचं. ती आजवर मड्डमच्या हातनं औषध बी वरच्या वर घ्यायची, इटाळ नगं म्हणून. त्या दिवशी वाटीभर पीठ घिऊन बाहीर आली, पदरात वतलं, आन् मड्डमचा हात दोन्ही हातानं दाबून म्हणाली, "आता जाऊ नगा कुठं."

माझ्या घरी त्या पिठाच्या भाकरी थापल्या. मड्डमनं आपल्या देवाचं नाव घेतलं, म्या माझ्या. दोघी ठेच्याबरुबर जेवलो. तिला तिखट झोंबलं, नाक पुसत पुसत खाल्लं बिचारीनं.

"फिटला का?" तिनं इचारलं.

"फिटला."

"मग आता माझी पाळी. कमलबाई, तुमच्यासाठी काय मागू?"

हात तसाच भाकरीवर राहिला. जन्मात मला कुणी असं इचारलं न्हवतं. नवरा, पोरं, सून, नातू, सगळ्यांसाठी मागून झालं व्हतं माझं. सोतासाठी काय मागायचं? लई इचार केला. काय बी सुचंना.

"तू राहिलीस की गं," म्या म्हणलं. "त्येच तर मागितलं व्हतं म्या."