डेल्कोच्या झाकणातली करणी

धूर इतका दाटला होता की गाडीचं तोंड दिसेना. मखमलाबादच्या मळ्यात, धोंडीरामनानांच्या अंगणात, पन्नासेक माणसं हात जोडून उभी होती. उघड्या बॉनेटखाली धगधगणारं धुपाटणं, आणि त्यावर वाकून पुटपुटणारे धुनीवाले बाबा. बऱ्याच वेळानं बाबांनी मान वर केली.

"घुमाव चाबी, बच्चा! भाग गया भूत!"

नानांनी किल्ली फिरवली. पाऊण तासापूर्वी नुसती घर्र घर्र करणारी ती वीस वर्षांची जुनी गाडी एका दमात सुरू झाली. "धुनीवाले बाबा की जय!" बायका राख कपाळाला लावायला धावल्या.

ही १९९६ च्या जानेवारीतली गोष्ट. मी शेजारच्या मळ्यातली उज्वला. सातपूरच्या एका लहानशा कारखान्यात तांब्याच्या तारांच्या कॉइली गुंडाळायचं काम करायचे. कामावर निघताना हा चमत्कार मी तिसऱ्यांदा पाहत होते, आणि तिन्ही वेळा मला एकच शंका आली होती. भूत गाडीत शिरलंय म्हणता, मग धुनी दर वेळी इंजिनाच्या त्याच कोपऱ्यात कशाला? डिकीत का नाही?

नानांची शेवंती आणि गुलाब सात वाजायच्या आत फूलबाजारात पोचावे लागत. उशीर झाला की गिऱ्हाईक निघून जाई आणि टोपल्या जागेवरच कोमेजत. दिवाळीपासून गाडी पहाटे सुरूच होईना. गॅरेजवाला दुपारी यायचा, तेव्हा ती पहिल्या झटक्यात सुरू. तो हसून जायचा, "नाना, काय बी झालं नाय तिला."

मग बाबा आले. हिमालयात तप करून मालेगावकडून आलोय, एवढंच सांगायचे. त्यांनी गाडीभोवती तीन फेऱ्या मारल्या, डोळे पांढरे केले आणि म्हणाले, "घरात एक बाई हाय. कपाळ रिकामं. ती आली आणि गाडी बसली. बोल, खरं का खोटं?"

खरंच होतं. नानांची बहीण कुसाबाई, आमची कुसाआत्या, दिवाळीतच माहेरी आली होती. नवरा वारल्यावर सासरच्यांनी तिला बाहेर काढलं होतं. नानांनी अंगणाच्या कडेची पत्र्याची शेड बंदिस्त करून तिला राहायला दिली. पुढच्याच आठवड्यात गाडी बंद पडायला लागली. सगळा मळा आत्याकडे वेगळ्या नजरेनं पाहू लागला. नानांची बायको रंगूबाई तिला फुलांना हात लावू देईना. शेजारणी लेकरं पदराआड घ्यायच्या.

त्या दिवशी जयजयकार ओसरल्यावर बाबांनी शेवटचा निकाल दिला. "धुनी रोज रोज पुरायची नाय. रविवारी या बाईला मळ्याबाहेर घाल. ती शेड रिकामी कर, तिथं माझी धुनी कायमची पेटल. मग बघ, गाडी कशी पळते घोड्यावानी!"

म्हणजे आत्याची जागा बाबांना हवी होती. माझी शंका आणखी पक्की झाली.

मी शेडपाशी गेले. आत्या तिच्या दोन लुगड्यांचं गाठोडं बांधत होती.

"कुठं जाणार, आत्या?"

"कुठं म्हंजी? पाय नेतील तिकडं." मग हळूच म्हणाली, "उज्वला, माझ्यात खरंच काय असंल का गं? मला बी कळंना झालंय."

माणसाला स्वतःवरच संशय घ्यायला लावणं, याहून मोठी करणी कोणती?

कारखान्यात दिवसभर तेच डोक्यात होतं. आमच्याकडे कॉइल तयार झाली की आधी भट्टीत वाळवतात, मगच तिच्यात विजेचा मोठा दाब सोडतात. आत ओल राहिली तर वीज नेमून दिलेली वाट सोडून ओलीतून पळते. हातातली कॉइल भट्टीच्या जाळीवर ठेवताना मी थबकले. पहाटेचं दव. दुपारचं ऊन. बॉनेटखालचे निखारे. बाबा भुताला हाकलत नव्हते, ते गाडी वाळवत होते!

रविवारी सकाळी धुकं इतकं होतं की कालव्यापलीकडचं काही दिसत नव्हतं. अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. आत्या गाठोडं घेऊन उंबऱ्यापाशी बसली होती. नानांनी किल्ली फिरवली. घर्र घर्र. बाबांनी धुपाटणं उचललं.

मी पुढे झाले. "नाना, आज आधी मला बघू द्या. पाच मिनिटं."

"बाईमाणसाचं काम नाय ते," रंगूबाई म्हणाल्या.

"पाचच मिनिटं, काकू. नाही जमलं तर बाबा आहेतच."

नाना घुटमळले, मग त्यांनी होकारार्थी मान हलवली. किल्ली बंद करायला सांगून मी धुनी दर वेळी जिथं धरली जायची, त्या कोपऱ्यातल्या काळ्या गोल झाकणाकडे हात नेला. जाड तारा ज्यातून निघतात, ते झाकण.

"ए! डेल्को को हात मत लगा!" बाबा ओरडले.

गर्दीतल्या सहादू ट्रकवाल्यानं कान टवकारले. "बाबा, डेल्को म्हंता? हा तर गॅरेजातला शब्द. हिमालयात गॅरेज हाय का?"

कुणीतरी फिसकन हसलं. मी दोन्ही क्लिपा काढून झाकण उलटं केलं. आत दवाचे थेंब चिकटले होते आणि कडेला केसाएवढी चीर गेली होती.

"आत्या, इकडं या. पदरानं हे कोरडं करा."

रंगूबाई दोन पावलं मागे सरकल्या. आत्यानं झाकण आतून बाहेरून नीट पुसलं. मी ते बसवलं. नानांनी किल्ली फिरवली आणि गाडी सुरू झाली.

बाबांनी लगेच दाढीवर हात फिरवला. "मी मनात मंत्र म्हटला. तेज दुरून बी लागतंय."

"बरं. गाडी बंद करा, नाना." मी बाबांच्याच कमंडलूतलं पाणी बोटावर घेऊन झाकणात शिंपडलं आणि ते परत बसवलं. "तुमचंच तीर्थ आहे, बाबा. आता नुसत्या मंत्रानं सुरू करा. धुनी नको, फडकं नको."

बाबांनी मंत्र म्हटले. आधी हळू, मग मोठ्यानं, मग घाम पुसत. गाडी घर्र घर्र करत राहिली. शेवटी आत्यानं, कुणी न सांगता, पुढे होऊन मला झाकण काढायला लावलं, पुसलं, आणि गाडी पुन्हा सुरू झाली. या वेळी जयजयकार झाला नाही. माणसं वाकून वाकून झाकण बघत होती.

मी सांगितलं, "या डब्यातून, म्हणजे डेल्कोतून, वीज पाळीपाळीनं चार प्लगांकडे जाते. तिथं ठिणगी पडली की पेट्रोल पेटतं. झाकण चिरलंय. चिरेत दव शिरलं की वीज तिथूनच गळते, प्लगापर्यंत पोचतच नाही. नवीन झाकण बसवा, संपलं."

"पण उज्वला," नाना चाचरत म्हणाले, "कुसा आली तवापासूनच कसं गं?"

"त्याआधी गाडी कुठं उभी असायची, नाना?"

नानांनी शेडकडे पाहिलं. बहिणीला छप्पर दिलं त्या दिवसापासून गाडी उघड्यावर, दवात उभी होती. त्यांनी आत्याचं गाठोडं उचललं आणि आत नेऊन ठेवलं.

गडबडीत बाबा सटकले. सहादूनं पुढे चौकशी केली, तेव्हा कळलं की हायवेवरच्या एका गॅरेजात ते सहा वर्षं मेकॅनिकच्या हाताखाली होते.

सोमवारी नवीन झाकण बसलं. मी आत्याला म्हटलं, "सुटलात हो."

ती हसली नाही. म्हणाली, "आन् ती चीर तुला घावली नसती तर? तर मी डाकीणच ठरले असते ना?"

त्याचं उत्तर आज सांगते. चीर सापडली नसती तरी आत्या निर्दोषच होती. एखादी गोष्ट का घडते हे कळत नसेल, तर सरळ म्हणावं, कळत नाही. बॉनेट उघडावं, जाणत्याला विचारावं, पुन्हा पुन्हा करून बघावं. तरी कळलं नाही, तर थांबावं. पण आपल्या न कळण्याची शिक्षा कुठल्याही बाईला देऊ नये.